एकशे आठातले आठ

यादी कर असं मला कुणी सांगावं लागत नाही. अंगणवाडीत वजनांची यादी, लसींची यादी, पोषण आहाराची यादी. घरी किराण्याची, लग्नपत्रिकांची, आणि फ्रिजवर चिकटवलेली आणखी एक, कोणती यादी कुठे ठेवली आहे याची. ही शेवटची बघून माझे धाकटे दीर हसतात. ते हायस्कूलला गणित शिकवतात, पण स्वतःच्या चष्म्याची जागा त्यांना माझ्या यादीत शोधावी लागते, म्हणून फार हसत नाहीत.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, बोरीहून जीपने वीस मिनिटं. गावातल्या महादेवाच्या देवळाला नवा सभामंडप बांधायला घेतला, तेव्हा ठरलं की मंडपाच्या मधोमध एक चौथरा करायचा, त्याच्या पोटात हौदासारखी जागा ठेवायची, आणि बायकांनी हाताने लिहिलेल्या नामाच्या वह्या तिच्यात ठेवून महाशिवरात्रीला वरून फरशी बसवायची. ‘ॐ नमः शिवाय’, दोन कोटी वेळा. आजूबाजूच्या पाच गावांतल्या दोनशे बायकांनी एकेक लाख लिहायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी त्याच बैठकीत नियम सांगितले. वही सगळ्यांची एकसारखी, दोनशे पानी. पानावर सत्तावीस ओळी, ओळीत चार नामं, म्हणजे पानाला एकशे आठ. नऊशे सव्वीस पानं झाली की एक लाख आणि वर आठ. कुणी नामं मोजत बसायचं नाही, पानं मोजायची. बाकी गुणाकार माझा.

दीड वर्ष चाललं ते. बायकांनी शेतातून आल्यावर लिहिलं, दवाखान्याच्या रांगेत लिहिलं, एकीने परभणीला मुलीच्या बाळंतपणात पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून लिहिलं. दोनशेच्या दोनशे सात झाल्या. माघ लागला तशा मी वह्या गोळा केल्या, पानं मोजली, खुणा केल्या. फक्त एका घरच्या वह्या मी उघडल्या नाहीत, आमच्याच.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. वय ऐंशीच्या आसपास. नक्की किती ते त्यांनाही ठाऊक नाही आणि त्याची यादी मला करू देत नाहीत. त्यांच्या पाच वह्या तांबड्या फडक्यात बांधून देव्हाऱ्याशेजारी असायच्या. सकाळी अंघोळ, कपाळाला विभूती, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा आणि मग लिहिणं. ते फडकं दुसऱ्या कुणी सोडायचं नाही. मी दारातूनच विचारलं, “आत्याबाई, तुमचे किती लिहू?”

“लाख लिही,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

मी लिहिलं, एक लाख. दोनशे सहा जणींची पानं मोजणाऱ्या बाईने घरातल्या एकीचा शब्द तसाच घेतला. सासू होत्या, काय करणार.

बेरीज मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करते, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. दोन्ही वेळा तेच आलं. दोन कोटी तेरा लाख अठ्ठ्याऐंशी हजार तीनशे बारा. आकडा वहीत लिहून मी भाकरीला पीठ मळायला गेले. पाच मिनिटांनी दीर वही हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात.

“वैनी, हे तुमी मुद्दाम केलंत का?”

“काय झालं? चुकलंय?”

“चुकलंय? हा आकडा उलटा वाचा.”

पिठाचे हात बाजूला धरून मी वाचला. २,१३,८८,३१२. दोन, एक, तीन, आठ. आणि उलटा, दोन, एक, तीन, आठ. मधल्या दोन आठांत आरसा उभा केल्यासारखा.

“बरं मग?” मी म्हणाले.

“बरं मग म्हणे! वैनी, आठ आकडी संख्या असतात नऊ कोटी. त्यातल्या दोन्हीकडून सारख्या किती? फक्त नऊ हजार. दहा हजारांत एक! आन् ती आपल्या महादेवाला मिळायलीय.” त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या किराण्याच्या यादीमागे भागाकार मांडला. “आन् हे बघा. अकरानं पूर्ण भाग जायलाय. एकोणीस लाख चव्वेचाळीस हजार तीनशे ब्याण्णव, बाकी शून्य. अकरा! रुद्र किती? अकरा!”

संध्याकाळपर्यंत पाच गावांना कळलं. कुणी म्हणे महादेवानेच बेरीज केली, कुणी म्हणे आकड्याला पुढूनही देव आणि मागूनही देव. बेरीज माझी होती हे कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी दीर जिंतूरला जाऊन फ्लेक्स सांगून आले. आकडा हातभर उंचीचा, दोन्ही बाजूंना बेलाची पानं, दोन्हीकडे सारखीच.

मला राहवलं नाही. जेवताना मी विचारलं, “भावजी, आपल्या ट्रॅक्टरचा नंबर काय?”

“पंचेचाळीस चोपन्न.”

“चार, पाच, पाच, चार. उलटासुलटा सारखा. अकराने भाग जातो का बघा बरं.”

त्यांनी मनात केला. चेहरा जरा उतरला. “जातो. चारशे चौदा.”

“मग ट्रॅक्टरलाही बेल वाहायचा?”

“दसऱ्याला वाहतोच की,” आत्याबाई ताटावरून म्हणाल्या.

दीरांनी मग खरं काय ते सांगितलं. आकडे एकाआड एक दोन घरांत वाटायचे. दोन, तीन, आठ, एक या घरात. एक, आठ, तीन, दोन त्या घरात. दोन्हीकडे बेरीज चौदा. दोन्ही घरं सारखी झाली की अकराने भाग जातोच. आणि संख्येत जोडीचे आकडे असतील, म्हणजे चार, सहा, आठ, तर आरशातल्या प्रत्येक जोडीतला एक या घरात पडतो आणि दुसरा त्या घरात. चुकायला जागाच नाही.

“म्हणजे असल्या नऊ हजारांच्या नऊ हजारांना जातो,” मी म्हणाले.

“जातो.”

“मग भाषणात रुद्र कशाला?”

“वैनी, भाषणात थोडं लागतं.”

फ्लेक्स स्टँडवर लागला. चार दिवसांनी मला बोरीला मीटिंगला जायचं होतं आणि एसटी नेहमीप्रमाणे येत नव्हती. मोकळं बसलं की मी काहीतरी मोजते. समोर तोच होता, हातभर आकडा, म्हणून त्याचीच बेरीज केली. दोन आणि एक तीन, तीन सहा, आठ चौदा, आणि पलीकडे पुन्हा चौदा. अठ्ठावीस.

अठ्ठावीस. मी पुन्हा केली. पुन्हा अठ्ठावीस.

हे कळायला हायस्कूल लागत नाही. पान एकशे आठाचं. एकशे आठाला नऊने भाग जातो, म्हणजे कितीही पानं घेतली तरी एकूण आकड्यालाही जायला हवा, आणि त्यासाठी अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यातली हवी, सत्तावीस नाहीतर छत्तीस. अठ्ठावीस नाही. एक जास्त. म्हणजे माझ्या यादीत कुठेतरी चूक होती, आणि ती हातभर उंचीची होऊन स्टँडवर लटकत होती.

एसटी आली. मी चढले नाही. मीटिंग चुकवल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली नोंद.

दीर शाळेतून जेवायला आले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी बेरीज केली, मग मोठा भागाकार केला, एकशे आठाने. भाजी थंड झाली. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बाकी शंभर.”

“शंभर?”

“बरोबर शंभर. वैनी, पानात न बसणारा आकडा कुणाचा असेल?”

आम्ही दोघांनी एकदमच ओसरीकडे पाहिलं. आत्याबाई भिंतीला टेकून, मांडीवर पाट घेऊन लिहीत होत्या. मी माझ्या यादीवर बोट फिरवलं. दोनशे सहा आकडे असे विचित्र, शेवटी आठ, चार, सहा, बारा असलेले. आणि एकच गुळगुळीत, एकशे आठाने भागला की बाकी शंभर उरणारा. एक लाख.

मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. “आत्याबाई, एक लाख कसे काढले तुमी?”

“हजार पानाचे लाख. यात काढायचं काय?”

“पण पानाला एकशे आठ होतात.”

त्यांनी पेन ठेवलं. अडाण्याला समजावावं तशा बोलल्या. “माळेला मणी किती?”

“एकशे आठ.”

“आन् माळ झाली की धरायची किती?”

“एकशे आठ.”

“शंभर! तुला तुझ्या माहेरी कुणी सांगितलं न्हाई का? आठ कशाचे असतात? कधी जांभई येती. कधी दारात कुणी हाक मारतं. कधी जीभ नाम घेती आन् मन चुलीपाशी जातं, दूध उतू जायलंय का म्हणून. ते आठ त्याचे. एकशे आठ करायचे आन् शंभर म्हणायचे. देवाला सांगावं का, एकशे आठच्या एकशे आठ बरोबर झाले म्हणून? लबाड बोलावं का?”

 दीरांना उत्तर सुचलं, कारण त्यांचा फ्लेक्स होता. “माय, मग झाली ना हजार पानं? तुझा लाख बरोबर, माझा आकडा बरोबर. वैनी, तुमची यादी राहू द्या जशी हाय तशी.”

“हजार व्हायचीत अजून,” आत्याबाई म्हणाल्या. “नऊशे एकोणसाठ झालीत.”

“पण तुमी तर लाख लिही म्हणालात!” मी जवळजवळ ओरडलेच.

“होणारच हायेत, म्हणून म्हणाले. शिवरात्रीला येळ हाय.”

वेळ आठ दिवसांचा होता. एकेचाळीस पानं. एरवी त्या तीन लिहायच्या, पण महिन्याभरापासून उजव्या हाताचं मधलं बोट आखडत होतं. मिटलं की उघडायला डाव्या हाताने सोडवावं लागायचं, आणि सोडवताना त्या डोळे मिटून घ्यायच्या. म्हणून दोनवर आल्या होत्या, आम्हाला न सांगता. आठ दुणे सोळा. पंचवीस पानं कमी. चौथऱ्यावर फरशी बसली की बसली.

मी सोपा रस्ता दाखवला. माझ्या हिशेबाने त्यांचा लाख नऊशे सव्विसाव्या पानालाच झाला होता. यादीत तसं लिहिते, हात थांबवा. त्या म्हणाल्या, तुझ्या हिशेबानं तुझा कर. मग मी म्हणाले, उरलेली पानं मी लिहून देते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून चहा ठेवला.

दीरही गप्प बसले नव्हते. त्यांनी मायची हजार पानं एकशे आठाने धरून नवी बेरीज काढली आणि उत्साहाने आले. “दोन कोटी तेरा लाख शहाण्णव हजार तीनशे बारा. आन् दोन्हीकडून सारखा असा पुढचा आकडा हाय तेरा लाख नव्याण्णव हजार तीनशे बारा! फक्त तीन हजार नामं कमी पडायलीत, वैनी. दोनशे जणींनी पंधरा पंधरा लिहिली की झालं.”

मी अंक मोजले. दोन, एक, तीन, नऊ, दुप्पट. “तीस.”

“काय तीस?”

“बेरीज तीस. नऊच्या पाढ्यात नाही. पूर्ण पानांनी तो आकडा येणारच नाही, कितीही लिहा.”

त्यांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. “वैनी, तुमी अंगणवाडीत काय शिकवता?”

म्हणजे रस्ता एकच उरला. आत्याबाईंनी आठ दिवसांत एकेचाळीस पानं लिहायची, त्यांच्याच हाताने, आणि एकही कमी किंवा जास्त नाही. मी वेळापत्रक केलं. सकाळी दोन, जेवणानंतर दोन, चहानंतर एक. आणि रविवारी सहा. ते मी देव्हाऱ्याशेजारी लावलं. त्यांनी त्याचा कागद जाड आहे म्हणून वहीखाली घेतला.

दीर बोटाला तेल चोळायला बसू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. जाड दांडीचं पेन आणलं, मग मऊ पकडीचं, मग त्याहून जाड.

“मास्तर,” आत्याबाई त्यांना लाडात आल्या की मास्तर म्हणायच्या, “लहानपणी तुला एक पान शुद्धलेखन लिही म्हणलं तर तू उकिरड्यामागं लपायचास. आज माझ्या पानाची लय काळजी.”

“माय, आकडा हाय.”

“आकडा तुझा. बोट माझं.”

त्यांना आता सगळं कळलं होतं, म्हणजे स्टँडवरचा तो मोठा आकडा आपल्या एका बोटावर टांगलाय हे. आणि त्यांना ते आवडत होतं. शेजारणी बोट बघायला येऊ लागल्या. एकीने लसूण तेल आणलं, एकीने चारठाण्याच्या भाच्याकडून कसला तरी पाला मागवला. आत्याबाई प्रत्येकीला हात दाखवायच्या आणि दीर ऐकतील इतक्या मोठ्याने म्हणायच्या, “हजारावर दोन जास्त लिव्हले तर काय होतं गं? असंच इचारायले.”

तिसऱ्या दिवशी बोट अजिबात उघडेना. सकाळी एक पान झालं आणि दुपारी दुसरं, तेही वेडंवाकडं. त्या दिवशी त्या कुणाला चिडवत नव्हत्या. संध्याकाळी वही मिटून त्यांनी फडकं बांधलं, गाठ सोडली, पुन्हा बांधली. मी शेजारी मेथी निवडत होते.

“लग्न होऊन आले तवा मला लिव्हता येत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या सासऱ्यानं शिकवलं. पाटीवर पहिलं हेच. म्हणले, एवढं एक आलं तरी पुरं. ते गेले तवा मी मनात धरलं, त्यांच्या नावानं एक लाख. आपल्या हातानं, खरे. मंडप बिंडप नंतर निघाला गं. मला लाख करायचा हाय.”

दीड वर्ष मी त्यांना यादीतली एक ओळ समजत होते. मेथीच्या काड्याच ताटात पडू लागल्या आणि पानं कचऱ्यात, तेव्हा मी भानावर आले.

मी वेळापत्रक फाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गरम करून दिलं, बोट शेकलं, आणि पेनला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळली, चांगली वांग्याएवढी जाड. त्या पेनने बोट मिटायचंच नाही. पकड मुठीची झाली, अक्षर मोठं झालं, पण पान पुढे सरकलं. दुकानातून आणलेली तीन पेनं दीरांनी गपचूप शाळेत नेली.

पाच, सहा, सात, आठ. मी विचारायची नाही. त्याच रोज रात्रीच्या जेवणाआधी सांगायच्या, सहज म्हणून, जसं भाव सांगतात. शिवरात्रीच्या सकाळी तीन पानं राहिली होती. उपासाची भगर शिजत होती, बाहेर हलगी वाजत होती, दीर नवा सदरा घालून ओसरीच्या चार पायऱ्या चढत उतरत होते. आठ वाजले, नऊ वाजले. साडेनऊला आत्याबाईंनी पेन खाली ठेवलं, चिंधी सोडली आणि घडी करून देव्हाऱ्यात ठेवली.

“झाला,” त्या म्हणाल्या. “लाख.”

दीरांनी वाकून पायावर डोकं ठेवलं. मला वाटतं त्यात आकड्याचा वाटा निम्माच होता.

मग त्यांनी तांबडं फडकं माझ्याकडे सरकवलं. “घे. तुला मोजायचंय ना? सगळ्यांचं मोजलंस, माझंच ठेवू नको.”

मी पानं मोजली. हजार. आणि सवय वाईट, म्हणून एका पानावरची नामंही मोजली. एकशे तीन निघाली. एका ओळीत तीनच होती, एक ओळ सबंध सुटली होती. दुसरं पान उघडलं, एकशे सहा. तिसरं, एकशे एक. त्या तिसऱ्या दिवसाचं वेडंवाकडं पान काढलं आणि बोट ठेवून ठेवून मोजलं. बरोबर शंभर. मी तीसेक पानं तरी पाहिली. एकशे आठ थोडीच भरली, पण शंभराखाली एकही गेलं नाही.

म्हणजे त्यांचा लाख खरा होता. आणि मग पुढचा विचार आला. बाकी दोनशे सहा जणींची मी फक्त पानं मोजली होती. पाळण्याची दोरी ओढत लिहिलेल्या पानावर एकशे आठच असतील, असं कुणी सांगितलं? मी. माझ्या गुणाकाराने. एवढ्या मोठ्या यादीत ज्याची शपथ घ्यावी असा एकच आकडा होता, आणि त्यालाच मी चूक समजत होते.

कागद घेतला. सगळी पानं मिळून एक लाख अठ्ठ्याण्णव हजार एकशे चौदा. आत्याबाईंच्या रीतीने प्रत्येकी शंभर. एक कोटी अठ्ठ्याण्णव लाख अकरा हजार चारशे. दोन कोटी होतच नव्हते. एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार सहाशे कमी.

देवळाकडे जाताना मी कागद दीरांच्या हातात दिला. त्यांनी आधी शेवटची दोन शून्यं पाहिली.

“हा उलटा वाचता येत न्हाई,” ते हळूच म्हणाले. “शून्यानं सुरू होतो.”

“नाहीच येत. शंभराने मोजलं की कधीच येणार नाही.”

“वैनी, भाषण झाल्यावर नसता का दिला?”

“तुमी मला ओळखता.”

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. वह्या चौथऱ्यात गेल्या, आत्याबाईंच्या सगळ्यात वर. फरशी बसली. दीर माईकपुढे उभे राहिले, आकडा सरळ म्हणाले, उलटा म्हणाले, टाळ्या झाल्या. अकरा रुद्रांचं नाव काढलं नाही. मग घसा साफ करून म्हणाले, “हा आकडा दोनशे सहा जणींच्या एकशे आठच्या हिशेबानं आन् एकीच्या शंभराच्या हिशेबानं हाय. त्या एकीच्या हिशेबानं सगळं धरलं, तर दोन कोटीला अठराशे शहाऐंशी पानं कमी हायेत. ती एक म्हणजे आमची माय.”

बायकांत कुजबुज झाली. सगळ्यांना माळेचे आठ ठाऊक होते. ठाऊक असून दीड वर्ष कुणी बोललं नाही, कारण अंगणवाडीच्या बाईंनी नियम सांगितला होता.

“मग लिव्हा की,” पहिल्या रांगेतून आत्याबाई म्हणाल्या, माईक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “नंदीच्या खालची फरशी अजून बसायची हाय.”

मी तिथेच पर्समधून वही काढली. दोनशे सात जणींना नऊ नऊ पानं, एक हजार आठशे त्रेसष्ट. “तेवीस उरतात,” मी आत्याबाईंना म्हणाले. “ती कुणाला देऊ?”

“तुझी किती झालीत?”

“कसली?”

“पानं. दीड वर्षात तू किती लिव्हलीस?”

मी वही चाळल्यासारखं केलं. दोनशे सात ओळींत माझी ओळ नव्हती, हे मला चाळल्याशिवायही ठाऊक होतं.

“तेवीस तुझी,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी ओसरीवर बसले. मांडीवर त्यांचा पाट, हातात नवं पेन. सत्तावीस ओळी आखल्या, प्रत्येक ओळीत चार उभ्या रेघा मारल्या म्हणजे चुकायला नको. अर्ध्या तासात पान झालं. आत्याबाई शेजारी बोट शेकत होत्या, दीर पेपर वाचत होते. मी मोजलं. पुन्हा मोजलं. अकराव्या ओळीत तिसऱ्या रेघेनंतरची जागा कोरी होती. तिथे मला वाटतं नंदीच्या फरशीची मापं मनात आली होती.

“किती?” दीरांनी पेपराआडून विचारलं.

“एकशे सात.”

“मूळ संख्या, वैनी. कशानंच भाग जात न्हाई.” पेपर हलत होता, म्हणजे ते हसत होते.

आत्याबाईंनी पान हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि परत दिलं.

“शंभर धर,” त्या म्हणाल्या. “आन् दूध बघ, उतू जायलंय.”